वाजवी किंमत

महाप्याला आमचं ऑफिस आहे. लंडनची एक सल्लागार कंपनी तिची किंमत ठरवण्याची कामं आमच्याकडे पाठवते. अमक्या हॉटेलची किंमत किती धरावी, तमका ब्रँड वापरायचे किती पैसे घ्यावेत, असले प्रश्न. आम्ही तशीच दुसरी हॉटेलं, दुसरे ब्रँड शोधतो, त्यांच्या किमती शेजारी शेजारी मांडतो आणि त्यातून एक आकडा काढून देतो. अहवालावर सही लंडनच्या माणसाची असते. सीएच्या शेवटच्या परीक्षेत दोनदा नापास होऊन मी या कामात आले आणि चौदा वर्षं टिकले, कारण मला हे काम चांगलं जमतं. हे आधीच सांगून टाकते. पुढे जे झालं ते मला काम येत नव्हतं म्हणून झालं नाही.

त्या वर्षी गणपती झाल्या झाल्या एका इंग्लिश फुटबॉल क्लबचं काम आलं. फुटबॉलमधलं मला काहीच कळत नव्हतं. मॅनेजर म्हणाले, "तुम्हाला किंमत काढायचीय, गोल नाही मारायचा." तरी मी कागद वाचायला बसले.

तिथल्या लीगचा नियम असा, की क्लबने तीन वर्षांत मिळून ठरावीक रकमेपेक्षा जास्त तोटा करायचा नाही. केला तर गुण कापतात. एखाद्या गडगंज मालकाने खिशातून वाटेल तेवढे पैसे ओतून सगळे चांगले खेळाडू उचलू नयेत, म्हणून हा नियम. मग मालक काय करतात, तर पैसे स्वतः न देता नात्यातल्या, ओळखीतल्या कंपनीकडून जाहिरातीच्या नावाने देतात. शर्टाच्या बाहीवर चार अक्षरं छापायची आणि त्याचे भरमसाट पैसे घ्यायचे. ते क्लबची कमाई म्हणून दिसतात आणि तोटा कमी होतो. ही पळवाट बंद करायला आणखी एक नियम आहे: मालकाशी संबंध असलेल्या कंपनीने जाहिरातीला वाजवी किंमतच द्यायची. या क्लबच्या बाहीवर मालकाच्या मेव्हण्याची कंपनी होती. तिने दिलेली किंमत वाजवी आहे का, हे आम्हाला दाखवायचं होतं.

मॅच तरी बघायला हवी, म्हणून मी समोरच्या काकांकडे गेले.

कामोठ्याच्या आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर आमच्या दारासमोर त्यांचं दार. काका न्हाव्याकडच्या गावचे. उभी हयात जहाजावर खलाशी म्हणून गेली. पोर्टासाठी जमीन गेली तेव्हाही ते कुठल्यातरी समुद्रात होते. आता सत्तरी ओलांडलेली, काकी गेलेल्या, मुलगी न्हावा शेव्याला एका कस्टम एजंटाकडे नोकरीला. ती रात्री नऊ-दहाला यायची. शनिवारी संध्याकाळी त्यांच्या घरातून टीव्हीवरच्या गर्दीचा आवाज यायचा, तो मला माहीत होता.

"काका, मला फुटबॉल शिकवाल?"

"तुला? कशाला गो बाय?"

"ऑफिसचं काम आहे. जास्त सांगता येणार नाही."

"गुपित हाय तर नको सांगू. ये, बस."

दारातल्या चपला आत आणून त्यांनी फरशीवर मांडल्या आणि मला ऑफसाइड समजावलं. माझी सॅन्डल गोलकीपर होती. तीनदा सांगूनही मला कळेना, तेव्हा ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग दर शनिवारी मी जायला लागले. नवऱ्याची तुर्भ्याच्या कारखान्यात शनिवारी ड्युटी, मुलगी क्लासला. मी डब्यातून काहीतरी घेऊन जायचे. माझ्या हातची सातारी आमटी त्यांना तिखट लागायची, पण ते खायचे.

काकांचा क्लब लहानसा होता. इंग्लंडच्या एका बंदराच्या गावचा. तो त्यांचा कसा झाला, हे त्यांनी मला दुसऱ्याच शनिवारी सांगितलं. तरुणपणी त्या बंदरात जहाजाचा दोर तुटून त्यांच्या पायावर आला. जहाज पुढे निघून गेलं, हे हॉस्पिटलात राहिले. भाषा येत नाही, ओळखीचं कोणी नाही. वॉर्डात झाडू मारणारा एक गोरा म्हातारा होता. एका शनिवारी त्याने यांना चाकाच्या खुर्चीत बसवलं आणि ढकलत मैदानावर नेलं.

"थंडी अशी, का नाक हाय का गेलं ते समजत नव्हतं. त्यानं कपात गरम पानी दिलं, मटनाच्या वासाचं. कसलं मटन ते मी इचारलं नाय. घरी पन सांगितलं नाय."

"जिंकले का त्या दिवशी?"

"छे! हरले. पन हरल्यावर तो म्हातारा माझ्याकडं बघून सॉरी म्हनला. जसं काय मी पावना आलो आनि जेवन खारट झालं."

दोन महिने तो म्हातारा त्यांना दर सामन्याला नेत राहिला. पुढे काका जगभर फिरले, पण कुठल्याही बंदरात उतरले की त्या क्लबचा निकाल शोधायचे. क्लब खालच्या खालच्या लीगमध्ये राहिला. घरी आल्यावर मुलीने मोबाइल दिला, तेव्हा त्यावर नुसते आकडे बघायचे. आणि गेल्या हंगामात तो क्लब कित्येक वर्षांनी वरच्या लीगमध्ये चढला. वरच्या लीगचे सामने आपल्याकडे दिसतात. मुलीने टीव्हीवर ते चॅनल घेऊन दिलं. चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी काका आपला क्लब खेळताना डोळ्यांनी बघत होते.

मला ते बघायला आवडायचं. काका आरडाओरडा करत नसत. गोल खाल्ला तर नुसते गुडघ्यावर हात चोळायचे.

एकदा मी त्यांना तो तोट्याचा नियम सांगितला. हे काही गुपित नव्हतं, पेपरात येतं. काका टीव्हीचा आवाज बंद करून ऐकत होते.

"म्हनजे मोठ्या मालकांना पन हिशोब द्यायला लागतो?"

"हो. नाहीतर गुण कापतात."

"आनि खोटी जाहिरात दाखवली तर?"

"ती तपासतात ना. वाजवीच असावी लागते."

"चांगलं हाय," ते म्हणाले. "मंग आमच्यासारख्यांना चानस हाय."

मी हो म्हणाले. तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं.

दिवाळीनंतर माझी पहिली यादी तयार झाली. तशाच आकाराच्या, गुणतक्त्यात तशाच जागेवरच्या क्लबांच्या बाहीच्या जाहिराती मी गोळा केल्या होत्या. मेव्हण्याच्या कंपनीने दिलेली किंमत त्यांच्या जवळजवळ दुप्पट येत होती. मी तसं लिहून पाठवलं. दोन दिवसांनी लंडनच्या माणसाचा कॉल आला. फार सभ्य माणूस. काम उत्तम झालंय म्हणाला, पण तुलनेला घेतलेले क्लब परत एकदा बघाल का, या क्लबची जगभरातली ओळख त्यात उतरलेली वाटत नाही, म्हणाला. खोटं लिहा असं तो म्हणाला नाही. कोणीच म्हणालं नाही. कॉल संपल्यावर मॅनेजर म्हणाले, "असिस्टंट मॅनेजरच्या जागेसाठी मी तुमचं नाव दिलंय. हे एवढं नीट होऊ दे."

मी जागेवर येऊन बसले. नाही म्हटलं असतं तर नोकरी गेली नसती. घरात अडचण नव्हती, हप्ते वेळेवर जात होते. मला ते कोडं सुटतंय का बघायचं होतं, इतकंच. आणि कोडं सोडवताना मला काकांचं एक बोलणं आठवलं.

त्याआधीच्या शनिवारी त्याच क्लबचा सामना लागला होता. तो क्लब माझ्या कामाचा आहे हे काकांना माहीत नव्हतं. त्यात एक आशियाई मुलगा खेळायचा. काका म्हणाले होते, "ह्याला साधा समजू नको. ह्याचा अख्खा देश जागून बघतो. कोचीनला, सिंगापूरला, कुठं पन जा, पोरं ह्याचा शर्ट घालून फिरतात. आमच्या उरनच्या बाजारात पन टांगलेला हाय."

मी त्यावर एक पान लिहिलं. आशियातले प्रेक्षक, आशियातली शर्टांची विक्री, बाहीवरचं नाव तिथे किती लोकांना दिसतं. प्रत्येक वाक्याला आधार जोडला, आधार खरे होते. त्या पानाच्या जोरावर यादीतले चार लहान क्लब 'तुलनेस योग्य नाहीत' म्हणून काढले आणि दोन मोठे घातले. काढलेल्या चारांत काकांचा क्लबही होता. आकडा नेमका जिथे बसायला हवा होता तिथे बसला. लंडनहून मेल आला की आशियाचा मुद्दा अप्रतिम आहे. मी तो मेल नवऱ्याला वाचून दाखवला.

अहवाल गेला, लीगने मान्य केला. जानेवारीत खेळाडूंची खरेदी-विक्री सुरू झाली आणि त्या क्लबने एक महागडा स्ट्रायकर, म्हणजे पुढे राहून गोल मारणारा खेळाडू, घेतला. तेव्हा ते तळापासून पाचवे होते आणि खालच्या लीगमध्ये जाऊ म्हणून घाबरलेले होते. त्याच आठवड्यात काकांच्या क्लबने आपला एक खेळाडू विकला. उजव्या बाजूने पळणारा, त्याच बंदराच्या गावात जन्मलेला, लहानपणापासून क्लबमध्येच वाढलेला मुलगा. काकांचा तो सगळ्यात लाडका.

"का इकला असंल गो?"

मला उत्तर माहीत होतं. "काका, बाहेरून घेतलेल्या खेळाडूची किंमत पुस्तकात असते. तो विकला की ती वजा होते आणि थोडाच नफा दिसतो. घरी वाढलेल्याला क्लबने विकत घेतलेलं नसतं. त्याला विकलं की आलेला सगळा पैसा नफा. तोट्याच्या मर्यादेत बसायला तेच सोपं पडतं."

काकांनी हातातला रिमोट खाली ठेवला.

"घरचा होता म्हनून इकला?"

"तसंच म्हणायचं."

"आनि त्यांनी एवढा मोठा पोरगा आनला, त्यांच्याकडं कुठून आला पैसा? तू म्हनत होतीस ना नियम हाय?"

"असेल काहीतरी," मी म्हणाले आणि भांडी उचलून आत नेली. त्यांच्या सिंकपाशी नळ सोडून मी नुसतीच उभी राहिले. तोपर्यंत माझ्या लेखी तो अहवाल नुसता कागद होता. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं, की त्या कागदाला दुसरी बाजू आहे आणि ती या सोफ्यावर बसलेली आहे.

तरी मी शनिवारी जायचं थांबवलं नाही. काम संपलं होतं, शिकायचं काही उरलं नव्हतं. काकांना वाटलं मला खेळाची गोडी लागली. लागली होतीच. पण मी जायचे ते मुख्यतः त्यांचा क्लब वाचतोय का बघायला. तो वाचला असता तर माझी सुटका झाली असती. मी मनातल्या मनात नवससुद्धा बोलले, जो मी मुलीच्या दहावीलाही बोलले नव्हते.

मे महिन्यात शेवटचा रविवार आला. तळाचे तीन क्लब खाली जातात. दोघांचं ठरून गेलं होतं. तिसरा एकतर काकांचा, नाहीतर माझा. काकांचा क्लब दोन गुणांनी मागे होता. त्या दिवशी काकांची मुलगीही लवकर घरी आली होती. तिने बोंबील तळले. सगळे सामने एकाच वेळी सुरू होतात, म्हणून टीव्हीवर काकांचा सामना आणि तिच्या मोबाइलवर दुसरा.

काकांचा क्लब सुरेख खेळला. दोन गोल मारले, एकही खाल्ला नाही. एवढ्याने भागलं असतं, जर दुसरा क्लब जिंकला नसता तर. तिकडे शेवटच्या दहा मिनिटांपर्यंत बरोबरी होती. बरोबरी राहिली असती तरी गुण सारखे होऊन गोलांच्या फरकावर काकांचा क्लब वर राहिला असता. मुलीने मोबाइल दोन्ही हातांत धरला होता. एकदम ती म्हणाली, "गेला."

गोल त्या नव्या स्ट्रायकरने मारला होता.

काकांनी टीव्ही बंद केला नाही. त्यांच्या क्लबचे खेळाडू जिंकून मैदानावर रडत होते आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. काकांनी गुडघ्यावर हात चोळले.

"पोरं नीट खेळली," ते म्हणाले. "आज त्यांनी काय कमी केलं नाय." मग माझ्याकडे वळले. "तू का रडतेस गो? चल, बोंबील गार व्हतील."

मुलगी मला म्हणाली, "ताई, बाबांपेक्षा तुम्हीच जास्त मनाला लावून घेतलंत."

तीन दिवस मी कशीबशी काढले. चौथ्या दिवशी रजा टाकली आणि अकराच्या सुमाराला समोर गेले. काका गॅलरीत पाटावर बसून कोलंबी सोलत होते. ऑफिसच्या कागदावर मी सही केलेली होती, बाहेर बोलायचं नाही अशी. तरी मी सगळं सांगितलं. जो क्लब वाचला त्याचं काम माझ्याकडे होतं, पहिला आकडा काय आला होता, मग मी काय केलं.

काका सोलत राहिले. शेवटी म्हणाले, "त्या आशियाच्या पोराचं मी बोललो, ते तू लिवलंस?"

"हो."

"खोटं लिवलंस?"

"नाही. खोटं एक अक्षर नव्हतं. पण जे अडचणीचं होतं ते काढून टाकलं."

"आमचा क्लब पन काढलास?"

"हो, काका."

"पयला आकडा ठेवला असता तर?"

"तर त्यांना तो स्ट्रायकर घेता आला नसता. बहुतेक."

"बहुतेक," ते म्हणाले. हातातली कोलंबी त्यांनी पातेल्यात टाकली. "कुनी जबरदस्ती केली तुला?"

"नाही."

"नोकरी जात व्हती?"

"नाही."

मला वाटत होतं त्यांनी ओरडावं. मी त्यासाठीच गेले होते. ओरडले असते तर मी पाया पडले असते, आणि दोन-चार आठवड्यांनी सगळं पूर्ववत झालं असतं. काकांनी हात धुतले, पंच्याला पुसले आणि गॅलरीच्या कठड्याला धरून उभे राहिले.

"हे मला सांगायला नको व्हतंस," ते म्हणाले. "मला वाटत व्हतं आमी खेळून हरलो."

मी घरी आले. सांगून मोकळं व्हायचं एवढंच माझ्या डोक्यात होतं. त्यांच्याकडे जे शेवटचं चांगलं उरलं होतं तेही मी आपल्या समाधानासाठी काढून घेतलं, हे मला ते वाक्य ऐकेपर्यंत सुचलं नव्हतं.

नंतर मी मॅनेजरना मेल लिहिला, की त्या अहवालातला आशियाचा मुद्दा वाजवीपेक्षा जास्त ताणलेला आहे आणि वगळलेले क्लब वगळायला नको होते. तो मेल सहा महिने आधी लिहायचा होता. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं. "फाइल बंद झालीय. लीगने मान्य केलंय. तुमच्या अहवालात चूक एकही नाही, उगाच टेन्शन घेऊ नका," म्हणाले. चूक नव्हती हे खरंच होतं. जुलैत मला असिस्टंट मॅनेजर केलं. पेढे वाटले, पण समोरच्या दारात मी माझ्या मुलीला पाठवलं. काकांनी पेढा घेतला आणि तिला आशीर्वाद दिला.

काकांनी त्यांच्या मुलीला यातलं काही सांगितलं नाही. ती अजून मला ताई म्हणते, जिन्यात थांबून बोलते. काकाही बोलतात. पाण्याची मोटर, मार्केटातली सुरमई, पायाचं दुखणं. फुटबॉलचं नाव काढत नाहीत. शनिवारी त्यांच्याकडून टीव्हीचा आवाज येत नाही.

खालच्या लीगचे सामने टीव्हीवर दिसतात का, ते मी शोधलं. त्या क्लबचं स्वतःचं ॲप होतं, वर्षाचे पैसे भरले की परदेशातून बघता येतं. मी पैसे भरले आणि मोबाइल घेऊन गेले. काकांनी स्क्रीनकडे बघितलं. त्या मैदानाचं चित्र होतं. त्यांनी बोट लावून ते मोठं केलं, जरा वेळ बघितलं आणि मोबाइल माझ्या हातात परत दिला.

"नको गो. मी आकडे वाचतो. तेवढं बास."

"काका, तुमचाच क्लब आहे."

"हाय ना. पन तू आनलेला नको."

ते रागाने म्हणाले नाहीत. पाहुण्याला दुसऱ्यांदा चहा नको म्हणावं तसं म्हणाले.

गेल्या महिन्यात आणखी एक काम आलं. एका क्लबने आपला महिलांचा संघ मालकाच्याच दुसऱ्या कंपनीला विकलाय. आपल्याच उजव्या हातातून डाव्या हातात. त्यातून नफा दिसतो आणि तोटा मर्यादेत बसतो. तो संघ किती किमतीचा, हे दाखवायचं होतं. मी मॅनेजरना सांगितलं की मला हे नको. त्यांनी कारण विचारलं नाही. काम माझ्या शेजारच्या टेबलावरच्या मुलीला दिलं. ती हुशार आहे, पनवेलहून येते, वर्षभरापूर्वीच लागलीय.

त्या दिवशी दुपारी ती खुर्ची सरकवत माझ्याकडे आली. "मॅडम, तुलनेला कोणकोणते संघ घेऊ? खूपच आहेत, आणि लहान घेतले तर किंमत खाली येते."

सगळे घे, एवढंच म्हणायचं होतं. मी तिच्या स्क्रीनवरची यादी बघितली. कुठले काढावे लागतील आणि काढताना काय कारण टिकेल, हे मला एका नजरेत दिसलं. ती वही उघडून वाट बघत होती.

मी तिला कुठले काढायचे ते सांगितलं, कारणासकट.